लाईन आली, लाईन गेली



इंग्रजीतून मराठीत किती शब्द आले याची मोजदाद विद्वानांनी पुष्कळ केली आहे. मी आज त्यांतला एकच शब्द घेऊन आपल्यापुढे येत आहे, आणि तोही आपल्या रोजच्या बोलण्यातला. तो शब्द म्हणजे ‘लाईन’. हा शब्द तोंडी न आणता परभणी जिल्ह्यातील माणसाला एक दिवस काढता येईल का, याची मला शंका आहे. शेतकरी म्हणतो, ‘लाईन गेली’. म्हणजे वीज गेली. त्याचा शेजारी सांगतो, ‘यंदा नदीवरून लाईन टाकली’. म्हणजे जमिनीखालून पाण्याचा नळ नेला. म्हातारी आजी म्हणते, ‘लाईनीच्या पल्याड आमचं रान हाय’. तिच्या मनात आगगाडीचे रूळ असतात. बाप गुरुजींना विचारतो, ‘पोराला कोणत्या लाईनला घालावं?’ सून रेशनच्या दुकानापुढे लाईनीत उभी असते, जमादाराचे बिऱ्हाड पोलीस लाईनीत असते, आणि गवंडी भिंत उभारण्याआधी लाईनदोरी ताणतो. तरुण पोरे हा शब्द ‘मारणे’ या क्रियापदाला जोडून काय सांगतात, ते मी येथे सांगत बसत नाही. शिक्षकमंडळींना ते ठाऊक आहे.

आता यावर नेहमीचा आक्षेप असा की, मराठीत शब्द असताना परक्याचा शब्द कशाला? निबंधाच्या वहीत ‘लाईन’ दिसली की आम्ही शिक्षक तिच्यावर लाल शाई ओढतो. ते पुष्कळदा योग्यही असते. परंतु शाई ओढण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा असे मला वाटते. ही लाईन कोणती? कारण मराठीने या शब्दाला सरसकट घरात घेतलेले नाही. काही दारे तिने उघडली आणि काही घट्ट लावून घेतली. कोणते दार उघडले आणि कोणते लावले हे पाहू गेल्यास आपल्या जिल्ह्याचा सव्वाशे वर्षांचा इतिहास हाती लागतो. तोच मला आज सांगायचा आहे.

आधी शब्दाचे मूळ पाहू, कारण ते आपल्याच रानात उगवते. लॅटिन भाषेत जवसाला ‘लिनम’ म्हणत. होय, तेच जवस, ज्याची चटणी आपण भाकरीबरोबर खातो. वनस्पतिशास्त्रात आजही जवसाचे नाव ‘लायनम युसिटॅटिसिमम’ असे आहे. त्याचा अर्थ ‘अतिशय उपयोगी असे जवस’. आपण जवस लावतो ते तेलासाठी. युरोपातल्या थंड मुलखात मात्र ते उंच वाढवून, ताटे पाण्यात कुजवून त्यांतून धागा काढीत आणि त्या धाग्याचे कापड विणीत. ते कापड म्हणजे लिनन. जवसाच्या धाग्याची दोरी म्हणजे ‘लिनिया’. सुतार आणि गवंडी ही दोरी ताणून सरळपणा पाहात, म्हणून दोरीवरून रेघ, रेघेवरून ओळ, ओळीवरून रांग, असा तो शब्द वाढत गेला. तो फ्रेंचांकडून आणि जुन्या लॅटिनमधून असा दोन्ही वाटांनी इंग्रजीत शिरला आणि ‘लाईन’ झाला. कपड्याच्या आतल्या अस्तराला शिंपी ‘लायनिंग’ म्हणतो, तेही यातलेच; पूर्वी अस्तर लिननचे लावीत. म्हणजे ‘लाईन’ उच्चारताना आपण नकळत जवसाचे नाव घेत असतो.

यात इंग्रजांची विशेष करामत आहे असे मात्र समजू नका. आपल्या पूर्वजांनी हीच गोष्ट आपल्या दोरीने केली. यज्ञवेदी आखण्याचे जे जुने ग्रंथ आहेत त्यांना शुल्बसूत्रे म्हणतात. शुल्ब म्हणजे दोरी आणि सूत्र म्हणजे धागा. आपली भूमितीसुद्धा दोरीवरच उभी राहिली. पुढे सूत्राचे सूत झाले. दोन माणसांचे सूत जुळते. कारखान्यात आणि सुताराच्या हाती ‘एक सूत’ म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार हा शब्दच सूत्र धरणाऱ्यावरून आला असे मानतात, आणि नाटकातला सूत्रधारही त्याचाच भाऊबंद. त्यांचा जवसाचा धागा, आपले सूत, काम एकच.

मग त्यांची दोरी आपण का उचलली? कारण इंग्रजीत जेथे एक ‘लाईन’ आहे तेथे मराठीत शब्दांचे अख्खे खळे पडलेले आहे. लिहिलेली ती ओळ. ओढलेली ती रेघ. भूमितीतली, किंवा तळहातावरची, ती रेषा. माणसांची ती रांग, जेवणाऱ्यांची पंगत, उसाची सरी, पेरलेल्या पिकाचा तास. भिंत उभी सरळ आहे की नाही हे पाहण्याचा तो ओळंबा. शाळेतल्या वह्या एकरेघी, दुरेघी असतात, पण त्यांत लिहितात त्या ओळी. रेघा कोऱ्या वहीतही असतात, ओळी नसतात. हा भेद इंग्रजीला एका शब्दात करता येत नाही. आमच्या निरक्षर शेतकऱ्याला तो जन्मतः येतो. तो ‘तुरीची ओळ’ म्हटलेली ऐकून घेईल, पण स्वतः म्हणेल ‘तुरीचा तास’.

मौज अशी की, परका शब्द घरात घेताना मराठीने त्याचे लिंग ठरवले ते या मंडळींकडे पाहून. ओळ ती, रेघ ती, रेषा ती, रांग ती, पंगत ती, दोरी ती. मग लाईनही ती झाली. इंग्रजीत तिला लिंग नव्हते. आपण तिला स्त्रीलिंग दिले, अनेकवचनी तिच्या ‘लाइनी’ केल्या, आणि ‘लाईनीत’, ‘लाईनीला’, ‘लाईनीच्या’ असे विभक्तीचे दागिने तिच्या अंगावर घातले. ‘लाईनीच्या पल्याड’ म्हणणाऱ्या त्या आजीला हा शब्द इंग्रजी आहे असे सांगितले तर ती हसेल.

आता इतिहासाकडे वळू. परभणी जिल्हा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सरकारी भाषा उर्दू. मुंबई इलाख्यातल्या मुलाला इंग्रजी शब्द शाळेत भेटत असत, तसे आपल्याकडे नव्हते. उस्मानिया विद्यापीठाची स्थापना १९१८ मध्ये झाली आणि तेथे सर्व विषय उर्दूतून शिकवावेत असा निर्णय झाला. त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते होते. तेव्हा आपल्याकडचा जो मुलगा वरच्या वर्गात जाई, त्याला भूमितीतली सरळ रेषा ‘खत-ए-मुस्तकीम’ या नावाने भेटे. पुस्तकातल्या ओळीला ‘सतर’ म्हणायचे, माणसांच्या रांगेला ‘कतार’. घरी आई मात्र ‘रेघ’ म्हणे. याचा अर्थ असा की, ‘लाईन’ हा शब्द आपल्या जिल्ह्यात पुस्तकातून आला नाही, शाळेतून आला नाही, साहेबाच्या कचेरीतून तर नाहीच नाही. तो आला दोन वाटांनी. एक लष्कराची छावणी आणि दुसरी आगगाडी.

छावणीची वाट जुनी. हिंगोली, जो भाग १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होता, तेथे हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेचे ठाणे होते. फौज निजामाच्या खर्चाने, अधिकारी इंग्रज. ही फौज १९०३ मध्ये हिंदुस्थानच्या लष्करात मिसळून टाकण्यात आली. छावणी पडली की घोडे बांधण्यासाठी लांबलचक दोर ताणीत. त्या दोराला आणि मग त्या जागेलाच ‘लाइन्स’ म्हणत. पुढे शिपायांच्या खोल्याही ओळीने बांधल्या, त्यांनाही तेच नाव पडले. घोडे गेले, दोर गेले, पण आजही हवालदाराचे कुटुंब ‘लाईनीत’ राहते. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये मोठे अधिकारी राहतात, आसामच्या चहाच्या मळ्यात मजुरांच्या चाळींनाही लाईनच म्हणत आले आहेत. एकाच शब्दात बंगलाही बसला आणि खोपटेही बसले. जो राहतो तो कुणाच्या तरी हुकमाखाली राहतो, एवढेच दोघांत साम्य.

परंतु खेड्यापाड्यांत शब्द पोचवला तो आगगाडीने. मनमाडपासून औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर), जालना, परभणी, पूर्णा, नांदेड असे करीत सिकंदराबादेला जाणारा हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचा मार्ग विसाव्या शतकाच्या अगदी उंबरठ्यावर, १९०० सालाच्या आगेमागे, सुरू झाला. ते छप्पनच्या दुष्काळाचे दिवस होते हे लक्षात असू द्या. सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा ही स्थानके झाली. सेलू-मानवतच्या कापसाला आणि तेलबियांना मुंबईची वाट मिळाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातून युरोपात जवस फार मोठ्या प्रमाणात जात असे. तेथे त्याच्या तेलाचे रंग करीत. जवसाच्या धाग्यावरून ज्या शब्दाला नाव मिळाले, त्याच लाईनीवरून जवसाची पोती बंदराकडे निघाली!

ही लाईन एकेरी होती. एकेरी लाईनीवर समोरासमोर दोन गाड्या येऊ नयेत म्हणून एक पद्धत असते. पुढच्या स्टेशनमास्तराने ‘लाईन क्लिअर’ असा निरोप दिल्याशिवाय मागच्याने गाडी सोडायची नाही. निरोप मिळाला की यंत्रातून एक धातूचा गोळा निघे. तो चामडी पिशवीत घालून वेताच्या कड्याला अडकवीत आणि ते कडे चालत्या इंजिनावरच्या ड्रायव्हरला देत. आपल्यापैकी ज्यांनी मीटरगेजच्या काळात पूर्णेच्या फलाटावर उभे राहून हे पाहिले असेल, त्यांना ते कडे झेलण्याची कसरत आठवेल. हा शब्दप्रयोग स्टेशनाबाहेर पडला. सोयरिकीत मुलीकडच्यांचा होकार आला की मध्यस्थ म्हणतो, ‘लाईन क्लिअर हाय, या तुम्ही.’ यासाठी मराठीत शब्द नव्हता असे नाही. पण पलीकडच्याने परवानगी दिल्याखेरीज अलीकडच्याने हलायचे नाही, ही कल्पनाच आपल्याला रेल्वेने शिकवली, म्हणून शब्दही तिचाच राहिला.

आणि ही लाईन अरुंद होती. दोन रुळांत एक मीटरचे अंतर. मुंबईकडची मोठी लाईन साडेपाच फुटांची. त्यामुळे आपला माल मनमाडला उतरायचा आणि दुसऱ्या डब्यांत चढायचा. त्यात वेळ जाई, हमाली जाई, आणि काय काय फुटे-सांडे ते वेगळेच. रुंदीकरणाची मागणी मराठवाड्याने किती वर्षे केली! गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाडा जनता विकास परिषद यांनी ती लावून धरली. १९७४ च्या मराठवाडा विकास आंदोलनाच्या मागण्यांतही ती होती. प्रत्यक्षात मनमाडकडून मोठी लाईन आपल्यापर्यंत पोचली ती १९९० नंतरच्या दशकात, आणि पूर्णा-हिंगोली-अकोला मार्गाला तर २००८ साल उजाडले. स्वातंत्र्यानंतर साठ वर्षांनी! परभणी ते मुदखेड हा भाग अलीकडे दुहेरी झाला. तेव्हा आपल्याकडे ‘मोठी लाईन’ हा शब्द नुसता रुळांना लावीत नसत; ती एक आशा होती. सभेत वक्ता ‘मोठी लाईन’ म्हणाला की टाळ्या पडत.

या लाईनीने आपल्याला दुसरे काय दिले? थांबायला शिकवले. तिकिटाच्या खिडकीपुढे लाईन लावायची असते हे आपण स्टेशनवर शिकलो. ‘रांग’ हा शब्द आपल्याजवळ होता, हे मी वर सांगितलेच आहे. पंगतही होती. पण पंगत आणि लाईन यांत एक फरक आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. पंगतीत माणूस बसतो आणि अन्न त्याच्याकडे चालत येते. लाईनीत अन्न, किंवा पाणी, किंवा पैसा एका जागी असतो, आणि माणूस पावलापावलाने त्याच्याकडे सरकतो. पंगतीत शेवटच्याला मिळेल याची जबाबदारी वाढप्यांची. लाईनीत शेवटच्याला मिळेलच असे कुणी सांगत नाही. म्हणून लग्नाच्या जेवणात आजही ‘पंगत’ म्हणतात, आणि ताटे हातात घेऊन उभ्याने जेवायची नवी रीत आली तेव्हा लोक लगेच म्हणू लागले, ‘जेवायला लाईन लागली.’ कुणी शिकवले नव्हते. भाषेने आपण होऊन ओळखले.

१९७२ च्या दुष्काळाची आठवण असणारी माणसे अजून आपल्यात आहेत. कामावर खडी फोडायची, हजेरीपटावर नाव लागायचे, सुकडी मिळायची, परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी रेशनवर घ्यायची. हे सारे लाईनीत. घरी ज्यांच्या कणग्या भरलेल्या असत, अशी कुळवाडी माणसेही त्या लाईनीत उभी राहिली. पुढे हंडे-घागरींची लाईन लागू लागली. बाया आपला हंडा ठेवून घरच्या कामाला जात आणि हंडा त्यांच्या जागी उभा राही. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे व हजाराच्या नोटा बंद झाल्या, तेव्हा बँकांपुढे जी लाईन लागली तीत सावकार आणि सालगडी एकामागे एक होते.

पण त्याच वर्षाची दुसरी गोष्ट मला अधिक सांगावीशी वाटते, जरी ती शेजारच्या लातुराची आहे. २०१६ च्या मार्चमध्ये लातूर शहरात पाण्यावरून भांडणे होऊ नयेत म्हणून पाणी साठवण्याच्या ठिकाणांभोवती जमावबंदीचा हुकूम काढावा लागला. पाचांहून अधिक माणसांनी तेथे जमायचे नाही. म्हणजे पाण्यासाठी लाईन लावणे हेसुद्धा कायद्याच्या कचाट्यात येऊ शकत होते. आणि १२ एप्रिलला मिरजेहून कृष्णेचे पाणी भरलेली दहा वाघिणींची पहिली गाडी लातुराला आली. पाच लाख लिटर पाणी. पुढे गल्लोगल्ली टँकर. लोखंडी लाईनीवरून पाणी आले आणि माणसांच्या लाईनीत वाटले गेले. ज्या लाईनीवरून आपण शंभर वर्षे कापूस आणि तेलबिया बाहेर पाठवल्या, तीवरून मराठवाड्याला पिण्याचे पाणी आणण्याची वेळ आली.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर मराठीने लावून घेतलेल्या एका दाराकडे पाहा. जायकवाडी धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ मध्ये झाली, उद्घाटन इंदिरा गांधींच्या हस्ते १९७६ मध्ये. पैठणहून निघालेला डावा कालवा दोनशेहून अधिक किलोमीटर वाहात आपल्या पाथरी-परभणीच्या रानांत येतो. इंजिनिअर लोक आपसांत इंग्रजी शब्द वापरीत. खेडुतांनी त्यातला एकही घेतला नाही. मोठा तो कालवा, त्याला फुटलेली चारी, आणि रानात गेलेला पाट. का? कारण पाट आपला जुना. विहिरीवर मोट होती तेव्हापासून पाट होता. उघडे वाहणारे पाणी आपल्या ओळखीचे होते. परंतु तेच पाणी जमिनीखालून, दिसेनासे होऊन, हजार-दोन हजार फूट नेऊ लागले, तेव्हा आपण म्हटले, ‘लाईन टाकली.’ जे डोळ्यांना दिसते त्याला आपले नाव, जे न दिसता कुठून तरी येते त्याला परक्याचे. हा नियम मी काही पोथीतून काढलेला नाही. पण तारायंत्राच्या बाबतीत तो चुकतो हेही सांगून टाकतो. तारेने संदेश येई त्याला लोक ‘तार आली’ म्हणत, आणि २०१३ च्या जुलैत ती सेवा बंद होईपर्यंत तारच म्हणत राहिले. खांबावरची तार डोळ्यांना दिसत होती म्हणून असेल. टेलिफोनची तारही दिसत होती, तिला मात्र ‘लाईन’ म्हटले. भाषा नियम पाळते, पण गुरुजींच्या धाकाने पाळत नाही.

आता सर्वांत मोठी लाईन. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० मध्ये झाले आणि २००५ मध्ये त्याची विभागणी होऊन वितरणाचे काम महावितरणकडे गेले. पुण्यामुंबईचा माणूस ‘लाईट गेली’ म्हणतो. त्याला वीज म्हणजे उजेड. आपला शेतकरी ‘लाईन गेली’ म्हणतो, कारण त्याला वीज म्हणजे मोटर, म्हणजे पाणी, म्हणजे पीक. शहरवासी याला अशुद्ध म्हणून हसतात. मला तर आपला शब्द अधिक नेमका वाटतो. उजेड कंदिलाचाही असतो. विहिरीतले पाणी वर आणणारी वस्तू खांबाखांबावरून लाईनीनेच येते.

ही लाईन दिवसा येते आणि रात्री येते. शेतीपंपांना पाळीपाळीने वीज देण्याची पद्धत पडली. एका पाळीला दिवसा आठ तास, दुसऱ्या पाळीला रात्री दहा तास. रात्रीचे तास दोन अधिक, कारण त्या वेळी शहरे आणि कारखाने कमी वीज वापरतात. हिशेब कागदावर सरळ आहे. पण रब्बीत, पौषाच्या थंडीत, मध्यरात्री ‘लाईन आली’ म्हणून बॅटरी घेऊन जो गड्याला हाक मारतो, आणि अंधारात पाटाचे दार मोडायला पाण्यात पाय घालतो, त्याला त्या दोन अधिक तासांचे मोल विचारा. पायाखाली साप आहे की ओला दोर आहे, हे अंधारात कळत नाही. कित्येकांनी मोटरला ‘ऑटो’ बसवला, म्हणजे लाईन आली की मोटर आपोआप सुरू व्हावी, माणसाला जावे लागू नये. मग लाईन आल्याबरोबर साऱ्या शिवारातल्या मोटरी एकदम सुरू होऊ लागल्या आणि डीपी जळू लागल्या. डीपी जळाली की ती दुरुस्त होईपर्यंत उभे पीक आकाशाकडे तोंड करून असते.

सरकारी कागदात या लाईनीला ‘वाहिनी’ म्हणतात. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली. सूर्यशक्तीवर वीज करून शेतीला ती दिवसा द्यावी असा तिचा हेतू. वाहिनी शब्द गोड आहे. पण रक्तवाहिनी, दूरदर्शन वाहिनी, शववाहिनी यांच्या गर्दीत तो कसा काय पडतो ते तुम्हीच पाहा. माझ्या माहितीतला एकही शेतकरी ‘वाहिनी आली’ म्हणत नाही. दिवसाची वीज ज्या गावांना मिळू लागली तेथे म्हणतात, ‘आता दिवसाची लाईन झाली.’ त्या वाक्यातला निःश्वास ‘वाहिनी’ला यायचा नाही.

भाषांतराने आलेली एक रेषा मात्र खेड्यात अगदी आतपर्यंत शिरली. ती दारिद्र्यरेषा. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ या अर्थशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये आपला प्रसिद्ध अभ्यास मांडला. पोटभर अन्न मिळायला, १९६०-६१ च्या भावाने, खेड्यात माणशी महिना पंधरा रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये खर्च लागतो, असे त्यांनी धरले. त्याखाली किती लोक जगतात हे मोजण्यासाठी ती रेषा होती. पुढे सरकारने रेषा बदलल्या, गावोगाव याद्या केल्या. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून शिधापत्रिका तीन रंगांच्या झाल्या, पिवळी, केशरी, पांढरी. त्याच दिवशी हिंगोली जिल्हा वेगळा झाला. एका दिवसात नकाशावर एक रेषा पडली आणि घराघरांत दुसरी.

आता गंमत बघा. रेषा ओलांडून वर जावे अशी अर्थशास्त्रज्ञाची इच्छा. गावात कुणी ‘रेषेखाली’ म्हणत नाही. म्हणतात, ‘त्याचं नाव रेषेत हाय, माझं का न्हाई?’ रेषा ही खाली-वर असण्याची जागा न राहता आत-बाहेर असण्याची जागा झाली. लक्ष्मणरेषेसारखी, फक्त येथे आत असलेला सुरक्षित. यादीत नाव नाही म्हणून घरकुल नाही, पिवळे कार्ड नाही. ज्यांच्या घरात दोन वेळची चूल पेटत नाही ते बाहेर आणि पक्क्या घराचे आत, असे प्रकार कुठल्या गावात झाले नाहीत? खडूची रेघ असती तर ओल्या फडक्याने पुसली असती. यावरून आठवले, इंग्रजीत ठरलेल्या शेवटच्या मुदतीला ‘डेडलाईन’ म्हणतात. तो शब्द अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या कैद्यांच्या छावणीतला. जॉर्जियातल्या अँडरसनव्हिल येथे १८६४ मध्ये कुंपणाच्या आत एक हद्द आखली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घाली. आज पीकविम्याच्या अर्जाची डेडलाईन म्हणतो तेव्हा हे कुणाच्या ध्यानी नसते.

पीकविम्याचा अर्ज म्हणजे ‘ऑनलाईन’. हा सगळ्यांत धाकटा भाऊ. इंग्रजीत ते विशेषण किंवा क्रियाविशेषण. आपण त्याचे काम केले. ‘सातबारा ऑनलाईन केला का?’ ‘फॉर्म ऑनलाईन मारला.’ तलाठ्याच्या दप्तरात हेलपाटे घालण्यापेक्षा हे बरे, यात वाद नाही. पण ऑनलाईन करण्यासाठी सेवाकेंद्रापुढे लाईन लागते. आपली पाळी येते तोवर लाईन जाते. ती परत आली तर सर्व्हर बंद असतो. २०२० मध्ये करोनाच्या काळात शाळा ऑनलाईन झाल्या, तेव्हा कित्येक वस्त्यांवर मुले शाळेत असूनही लाईनीबाहेर होती.

शिक्षकमंडळींना शेवटी एक सांगतो. जवस आता आपल्याकडे फार कमी राहिले. सोयाबीनने त्याची जागा घेतली. तरी हरभऱ्याच्या किंवा करडईच्या रानात एखाद्याने चार तास जवसाचे धरलेले असतात. त्याचे निळे फूल सकाळी उमलते आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळतात, तेव्हा मुलांना न्यायचे तर सकाळी न्या. काढणीनंतर पाच-पंचवीस ताटे मागून आणा. ती जुन्या घागरीत आठ-दहा दिवस भिजत ठेवा. वास येईल, त्याला इलाज नाही. मग वाळवून हलकेच ठेचा. साल सुटते आणि आतून रेशमासारखे पांढुरके तंतू निघतात. आपले जवस तेलाचे, त्यामुळे ते आखूड निघतील. चार-सहा एकत्र वळून मुलांच्या हाती द्या आणि दोन खिळ्यांमध्ये ताणायला सांगा. फळ्यावर तिच्या कडेने खडू ओढून घ्या. मग त्या खडूच्या खुणेला रेघ म्हणायचे, ओळ म्हणायचे की लाईन, ते मुलांनाच ठरवू द्या.